बरं होणार नाही, तरीही



“आता उपचार उरले नाहीत,” हे ऐकलं की घर सुन्न होतं. पण आजार हटला नाही, तरी वेदना कमी करता येते. धाप, मळमळ, जखमेचा वास, रात्रीची भीती, या सगळ्यांवर करण्यासारखं पुष्कळ असतं. हीच पॅलिएटिव्ह केअर.

१९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझा यांनी शांती अवेदना सदन सुरू केलं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणारं ठिकाण. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची मोफत सेवा करतं. तिथे घरचं माणूस रुग्णासोबत राहतं आणि शुश्रूषा शिकून घेतं.

घरात आपण बहुधा रुग्णापासून सत्य लपवतो. त्याला ते उमगलेलं असतं, आणि आपल्याला त्रास नको म्हणून तोही गप्प राहतो. अशाने अखेरचे दिवस एकमेकांपासून लपण्यात जातात. त्यापेक्षा जवळ बसावं आणि विचारावं: कुठे दुखतंय? कुणाला भेटावंसं वाटतं? काही सांगायचं राहिलंय का? उत्तर आलं नाही, तरी हात हातात असू द्यावा.

आणि उशाशी जागणाऱ्यालाही विसरू नये. विचारपूस करायला जाल तेव्हा उपदेश नको, नव्या औषधांची नावंही नकोत. “आज रात्री मी बसतो, तुम्ही झोपा,” एवढं म्हणा, आणि खरोखरच बसा. मरण टाळणं आपल्या हाती नाही. मरणाऱ्याला आणि त्याच्या माणसांना एकटं न सोडणं मात्र नक्कीच आहे.