दुसऱ्या मसुद्याचा तास

लेखन शिकवणे म्हणजे बऱ्याच अंशी लिहिलेले पुन्हा लिहायला शिकवणे. मराठी शाळांतल्या लेखनाच्या तासाला नेमके हेच राहून जाते. विषय फळ्यावर लिहिला जातो, मुद्दे सांगितले जातात, मुले वहीत निबंध उतरवतात, वह्यांचा गठ्ठा तपासायला जातो आणि लाल खुणांसह परत येतो. चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून घेतले जातात. निबंध मात्र पहिल्या दिवशी होता तसाच राहतो. यात मुलांचा किंवा शिक्षकांचा आळस नाही. दोन पाने हाताने पुन्हा लिहिणे कष्टाचे असते आणि भरलेल्या वर्गात ते करून घ्यायला वेळ नसतो. संगणकाचा लेखनशिक्षणातला खरा उपयोग इथे आहे. पडद्यावर वाक्य उचलून वर नेता येते, मधे भर घालता येते, नको ते काढून टाकता येते आणि बाकीचा मजकूर शाबूत राहतो.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ साली लेखनप्रक्रियेची जी मांडणी केली, तिच्यात योजना, शब्दांकन आणि फेरविचार ही तीन कामे एकामागून एक न येता पुनःपुन्हा एकमेकांत मिसळतात. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लेखन सुधारणाऱ्या ज्या अकरा गोष्टी त्यांना आढळल्या, त्यांत संगणकावरचे लेखन आहे. पण योजना आणि फेरविचाराच्या पद्धती उघडपणे शिकवणे, सारांशलेखन आणि मिळून लिहिणे यांचा परिणाम त्याहून मोठा दिसला. म्हणजे यंत्र मदत करते, शिकवत नाही.

आपल्याकडे यंत्र आले ते भाषेच्या तासाला वळसा घालून. केंद्र सरकारने १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, तेव्हापासून संगणक हा एक वेगळा विषय राहिला; त्याची खोली वेगळी, शिक्षक वेगळे, वही वेगळी. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषांच्या माध्यमांतून चालतात. तिथे २०११ पासून व्हर्च्युअल क्लासरूम आल्या आणि २०१५ मध्ये आठवीच्या मुलांच्या हाती टॅब आले. दोन्हींचा रोख दाखवण्यावर आणि वाचण्यावर होता, लिहिण्यावर नव्हता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे उघडे पडले. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी मुलांनी वहीत लिहिले, पानाचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. हातात यंत्र असूनही लेखन कागदावरच राहिले, कारण मराठीत टंकायला कोणी शिकवलेच नव्हते.

दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. त्यातले पत्र आता ई-मेलच्या धर्तीवर लिहायचे असते: मजकूर डावीकडून, पत्ता, ई-मेल, विषय असे ठरलेले साचे. हे सगळे मुलगा पेनाने लिहितो. ज्या पत्राचा प्रकारच संगणकामुळे बदलला, ते त्याने एकदाही संगणकावर लिहिलेले नसते. हा दोष परीक्षेपुरता नाही; पत्र म्हणजे साचा भरणे, असा समज त्यातून पक्का होतो.

पत्र हा मसुदा सुधारण्याच्या सरावासाठी उत्तम प्रकार आहे, कारण त्याला वाचणारा असतो. समजा, मुलुंडच्या आठवीतल्या मुलीला पालिकेच्या टी विभाग कार्यालयाला कचऱ्याबद्दल तक्रार लिहायची आहे. पहिला मसुदा साधारण असा येतो: ‘आमच्या इथे खूप कचरा असतो. त्यामुळे सगळ्यांना त्रास होतो. तरी आपण लक्ष द्यावे ही विनंती.’ शुद्धलेखनाची चूक एकही नाही, तरीही पत्र निकामी आहे. शिक्षकाने यावर तीनच प्रश्न विचारायचे: कुठे? कधीपासून? त्यांनी नेमके काय करायचे? मुलगी दुसऱ्या वाक्याच्या आधी गल्लीचे नाव घालते, गाडी आठवड्यातून किती दिवस येत नाही ते लिहिते, शेवटची विनंती उचलून पहिल्या ओळीत नेते आणि ‘सगळ्यांना’ काढून शेजारच्या बालवाडीचा उल्लेख करते. वहीत एवढ्यासाठी नवे पान लागले असते. पडद्यावर हे दहा मिनिटांत होते. शिवाय दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वर्गाला दाखवता येतात. या दहा मिनिटांत ती जे शिकते ते ‘पत्रलेखनाचे नमुने’ पाठ करून येत नाही.

मराठीत मात्र आधी कळफलकाचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो किरकोळ नाही. बहुतेक मुले फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टंकतात आणि यंत्राने सुचवलेला देवनागरी शब्द निवडतात. त्यात वेग येतो, पण वेलांटी पहिली की दुसरी हा निर्णय यंत्र घेते. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांप्रमाणे ‘कवी’ची वेलांटी दुसरी, हे त्या मुलाला कधी ठरवावेच लागत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकात ते ठरवावे लागते. तिथे स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ शेजारच्या एका कळीवर. ‘कि’ टंकताना आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचाच क्रम. टंकलेखन यंत्राच्या काळातल्या रेमिंग्टन मांडणीत वेलांटी आधी द्यावी लागते. बाराखडी येणाऱ्या मुलाला इनस्क्रिप्टची रचना पटकन समजते, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक बोटांना कळतो. लेखन शिकवायचे असेल तर शाळेत इनस्क्रिप्टच हवे. रोमन टंकन घरी, गप्पांपुरते ठीक आहे.

अक्षरांच्या रूपांचीही अडचण असते. शाळेत मूल पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवते, शासनाने २००९ मध्ये हीच रूपे मान्य केली. संगणकावरच्या ‘मंगल’ टाइपात मात्र हिंदीतला दंडाचा ल आणि गाठीचा श दिसतो. पाचवीतले मूल तिथे अडखळले तर त्यात त्याचे चुकत नाही. योग्य टाइप बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, फक्त ते कोणीतरी करायला हवे. ‘मंगल’ घडवणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवत असत. फोनसाठीचा ‘स्वरचक्र’ हा कळफलकही तिथेच घडला. घाटकोपर आणि अंधेरीच्या शाळांपासून ही जागा काही किलोमीटरवर आहे. देवनागरीची साधने उपनगरातच तयार झाली आणि उपनगरातल्याच मराठी वर्गापर्यंत पोचली नाहीत, याची खंत वाटायला हवी.

संगणक पुरेसे नसतात, ही तक्रार खरी आहे. एका यंत्राभोवती तीन मुले बसतात. लेखनाच्या तासाला मात्र ही अडचण कामाची ठरू शकते. एकाने टंकायचे, दुसऱ्याने वाक्य सुचवायचे, तिसऱ्याने वाचून हरकत घ्यायची आणि दर मसुद्याला जागा बदलायच्या. ‘हे असं नको, आधी हे सांगू या’ असे मोठ्याने म्हटले गेले की मनातला फेरविचार कानावर येतो. मिळून लिहिण्याचा परिणाम संशोधनात मोठा दिसतो, त्याच्याशी हे जुळते.

हाताच्या लेखनाला यातून धक्का लागू नये. पहिली ते चौथी अक्षर हातात बसण्याची वर्षे आहेत. तिथे कळफलक आणू नये. टिपणे काढण्यातही हाताचा फायदा आहे: पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या २०१४ च्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी ऐकलेले शब्दशः उतरवत राहिले आणि संकल्पनेवरच्या प्रश्नांत मागे पडले. मुद्दे वहीत काढावेत, मसुदा पडद्यावर करावा, अशी वाटणी पाचवीपासून पुढे रास्त ठरते. परीक्षा कागदावर असते म्हणून संगणक नको, हा युक्तिवाद लंगडा आहे. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षा राज्य मंडळ संगणकावरच घेते. आणि मसुदा सुधारायला शिकलेले मूल कागदावरही पहिलेच वाक्य अधिक विचाराने लिहिते.

२०२२ च्या अखेरीपासून मराठी निबंध क्षणात लिहून देणारी साधने आली आहेत. बंदी घालून ती थांबणार नाहीत. तयार निबंधावर गुण देणाऱ्या शाळेपुढे यावर उपाय नाही. जी शाळा मसुद्यांची साखळी मागते, तिला मुलाने काय बदलले आणि का बदलले हे दिसते. दस्तऐवजाच्या जुन्या आवृत्त्या संगणकावर जपून ठेवता येतात, त्या उघडून मुलाशी बोलता येते.

यासाठी नवे अनुदान लागत नाही. शाळेतली संगणकाची खोली आठवड्यातून एक तास मराठीच्या शिक्षकाच्या ताब्यात द्यावी, प्रत्येक यंत्रावर इनस्क्रिप्ट आणि मराठी रूपांचा टाइप असावा, आणि वर्षभरात प्रत्येक मुलाच्या निदान चार लेखनांचे दोन-दोन मसुदे तपासले जावेत. वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हातात असते. येत्या जूनमध्ये ते लावताना हा एक तास त्यांनी काढावा.