हशा पिकला की तोंड मिटतं

आठवी-नववीतलं पोर गणितात चुकलं तर वर्ग फारसा हसत नाही. इंग्रजीत एक वाक्य अडखळलं की मात्र मागच्या बाकावर हशा पिकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तरी मालवण-देवबागच्या किनाऱ्यावरची कित्येक हुशार पोरं या हशापायी गप्प बसतात.

खरं तर हे दुखणं आपल्याला ठाऊक आहे. मालवणी बोललं की शहरात लोक हसायचे. पुढे मच्छिंद्र कांबळींनी गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे नाटक थेट लंडनला नेलं, ते याच बोलीत!

म्हणून हा हशा थांबवायचा तर इंग्रजीच्या तासाला आदरावर नुसता निबंध नको. एखाद्याला चिडवलं, एकटं पाडलं, अशा प्रसंगावर मुलांना आधी मालवणीत मनसोक्त बोलू द्यावं, मग इंग्रजीत. अट एकच: शेजारच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं सांगायचं, मगच आपलं. व्याकरणाच्या चुका नंतर फळ्यावर, नाव न घेता. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

आणि पालकांनो, आज पोर घरी आलं की 'किती मार्क पडले' याआधी 'आज कोणाचं ऐकलंस?' एवढं विचारा.