क्षुधा, रस आणि संयम

एखादें व्यसन सोडावयाचें झाल्यास त्या वस्तूकडे मनुष्याला पाठ फिरवितां येते. मद्यपी मद्य सर्वस्वीं वर्ज्य करूं शकतो; विडी ओढणाराला ती पुन्हा हातांत न धरण्याची शपथ घेतां येते. परंतु अन्नाच्या बाबतींत अशी शपथ कोणालाच घेतां येत नाहीं. ज्याच्याशीं झगडावयाचें, त्याच्याशींच दिवसांतून तीन वेळां पानावर बसून सख्य करावयाचें, हा आहारसंयमाचा विशेष होय. म्हणूनच संयमाचा विचार करतांना पूर्वेकडील काय किंवा पश्चिमेकडील काय, तत्त्वज्ञांना जिव्हेकडे लक्ष द्यावेंच लागलें आहे. हा विचार आम्हीं वर्गांत पंचवीस वर्षें शिकविला. परंतु शिकविलेलें सर्वच समजलेलें असतें असें नाहीं, हें गेल्या दोन वर्षांत आम्हांला कळून आलें. तें कसें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आज योजिलें आहे.

आमचा देह पूर्वीपासूनच स्थूल. पन्नाशीच्या सुमारास मधुमेह आला, मागोमाग गुडघे बोलूं लागले, आणि रात्रीं झोपेंत श्वास अडूं लागला. पथ्यें केलीं, उपास केले, पहाटे उठून टेकडी चढलों. प्रत्येक वेळीं वजन उतरलें आणि प्रत्येक वेळीं तें व्याजासह परत आलें. शेवटीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया आम्हीं करून घेतली. ही विद्या कांहीं कालची नव्हे. आंतड्याचा मार्ग आंखूड करण्याचे प्रयोग अमेरिकेंतील मिनेसोटा येथील शस्त्रवैद्यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केले. १९६६ सालीं आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांनीं जठराचा बराच भाग वगळून अन्नाला निराळी वाट काढून दिली. आज ‘स्लीव्ह’ या नांवानें जी पद्धति फार रूढ झाली आहे, तींत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनहि थोडा अधिक भाग कापून काढतात, आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी मागें ठेवतात. आमच्यावर झाली ती हीच.

पुढचा क्रम ज्यांनीं अनुभवला असेल त्यांना ठाऊकच आहे. प्रथम नुसतें पाणी, मग गाळलेलें ताक, मग वरणाचें पाणी, मग घोटून एकजीव केलेली मऊ खिचडी. घांस लहान घ्यावयाचा व पुष्कळ वेळ चावावयाचा. जेवतांना पाणी प्यावयाचें नाहीं. प्रथिनें किती ग्रॅम पोटांत गेलीं तें रोज वहींत टिपावयाचें. वजन झपाट्यानें उतरलें, साखर आटोक्यांत आली, रात्रीची झोप निर्वेध झाली. भेटेल तो अभिनंदन करी आणि “किती उतरलें?” असें विचारी. या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्ही हंसत असूं. परंतु तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत असें झालें कीं, पानावर बसण्याची वेळ जवळ आली म्हणजे छातींत धडकी भरावी. भूक म्हणून लागेना. समोरची वाटी ही अन्नाची वाटी न वाटतां विद्यार्थ्याला नकोशा विषयाची उत्तरपत्रिका वाटावी तशी वाटे. ती कशी तरी भरून द्यावयाची आणि उठावयाचें. कधीं घांस छातींत अडे, कधीं उलटून पडे. त्याबरोबर मनावर एक मळभ आलें. ज्या पुस्तकांनीं आजवर आमची संगत कधीं सोडली नव्हती तींहि उघडवेनात. सायंकाळ झाली कीं कारणावांचून डोळे भरून येत.

त्याच सुमारास अक्षय्य तृतीया आली. आमच्या वडील भगिनी प्रतिवर्षीं त्या दिवशीं स्वतःच्या हातानें रस काढून घेऊन येतात. आमच्या मातोश्रींच्या मागें हा परिपाठ त्यांनींच चालविला आहे. “अरे, चार चमचे तरी घे, आईच्या वेळची वाटी आहे,” असें त्या म्हणाल्या. आम्हीं घेतला. थोड्याच वेळांत सर्वांगाला दरदरून घाम सुटला, छाती धडधडूं लागली, डोळ्यांपुढें अंधारी आली. इतका गोड पदार्थ लहान झालेल्या जठरांतून वेगानें आंतड्यांत उतरला म्हणजे असें होतें, हें आम्हांला पूर्वीं समजावून सांगितलेलें होतें. बरें वाटल्यावर पाहतों तों ताई कांहीं न बोलतां वाटी उचलून आंत नेत होत्या. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून आम्हांला जें दुःख झालें तें रसाचें नव्हतें. पन्नास वर्षें त्यांनीं आमच्याशीं ज्या भाषेंत माया केली, ती भाषाच आम्हांला एकाएकीं कळेनाशी झाली होती.

या खिन्नतेवर आम्हीं स्वतःच दोन आरोप ठेविले, आणि कांहीं स्नेह्यांनीं त्यांना दुजोरा दिला. पहिला कृतघ्नतेचा: मागितलें तें मिळालें असतां रडावयाचें कशाला? दुसरा पळवाटीचा: जें निग्रहानें साधावयाचें तें तुम्हीं सुरीकडून करवून घेतलें, तेव्हां त्याचें श्रेय तुमचें नव्हे, आणि त्याच्या दुःखाबद्दल कुरकुरण्याचा अधिकारहि तुमचा नव्हे. दुसरा आरोप अधिक तात्त्विक असल्यामुळें त्याचा विचार आधीं करूं.

जपानमधील कोजिमा, कांगावा आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं जठरांतून स्रवणाऱ्या एका द्रव्याचा शोध लावला. त्याला ‘घ्रेलिन’ म्हणतात. हें द्रव्य रक्तांत वाढलें म्हणजे भूक प्रदीप्त होते. तें मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागांत तयार होतें, तोच भाग या शस्त्रक्रियेंत काढून टाकतात. आणि त्यानंतर त्याचें रक्तांतील प्रमाण उतरतें. आतां वाचकांनीं असा विचार करावा. मांसाचा एक तुकडा काढल्यानें जर मनुष्याची भूक ओसरते, तर पूर्वीं जी भूक आम्हांला छळीत होती ती सर्वस्वीं आमच्या शीलाचा दोष होती असें कसें म्हणावें? आणि ती जर शीलाचा दोष नव्हती, तर आज भूक नसतांना कमी जेवणें हा शीलाचा गुण तरी कसा? आमच्या सडपातळ स्नेह्यांना हा तर्क विशेष रुचणार नाहीं. कारण त्यायोगें त्यांच्या संयमाचीहि कांहीं कीर्ति त्यांच्या जठराच्या खातीं जमा करावी लागेल! परंतु तर्क दोहोंकडे सारखाच लागू आहे. स्थूलता हें पाप नव्हतें. म्हणून कृशता हें पुण्य नाहीं. पळवाटीचा आरोप करणारा मनुष्य येथें एक नैतिक शर्यत चालली आहे असें गृहीत धरतो. वस्तुतः पुष्कळ अंशीं ती शर्यत नसून व्याधि आहे. आणि व्याधीवर औषध घेणाराला पळपुटा म्हणण्याचा प्रघात नाहीं.

मग मनुष्याच्या प्रयत्नाला येथें कांहीं स्थानच उरत नाहीं काय? उरतें, परंतु तें लोक समजतात त्या ठिकाणीं नाहीं. होमरच्या महाकाव्यांतील युलिसीजची कथा आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही पुष्कळदां सांगत असूं. सायरनांचें मोहक गीत ऐकून गलबत खडकावर जाऊं नये म्हणून त्यानें वल्हेकऱ्यांच्या कानांत मेण भरलें, आणि स्वतःला मात्र डोलकाठीशीं बांधून घेतलें. शस्त्रक्रियेच्या वेळीं आमची समजूत अशी होती कीं, आपण कानांत मेण भरून घेत आहों. पहिले कांहीं महिने तें खरेंहि वाटलें. पुढें कळलें कीं, आम्ही डोलकाठीशीं बांधले गेलों होतों. भूक थांबली होती, गीत थांबलें नव्हतें. कंटाळा आला, अपमान झाला, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग उपसून रात्र झाली, म्हणजे पूर्वीं हात ज्या डब्याकडे जाई त्याच्याकडे तो आतांहि जाई. आणि डबा उघडल्यावर ध्यानांत येई कीं, त्यांतलें कांहीं खाववणार नाहीं आणि खाल्लें तरी त्यानें समाधान होणार नाहीं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील एकोणसाठाव्या श्लोकाचा अर्थ आम्हांला त्या रात्रीं लागला. आहार सोडलेल्या मनुष्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांतला रस मागें राहतो. परतत्त्वाचें दर्शन झाल्यावरच तोहि निवृत्त होतो, असा त्याचा आशय आहे. शंकराचार्यांनीं येथें रस म्हणजे राग, आसक्ति, असा अर्थ केला आहे. शस्त्रवैद्याच्या सुरीनें विषय दूर केला. रसापर्यंत तिची धांव नाहीं. आणि ज्याला परतत्त्वाचें दर्शन झालेलें नाहीं अशा आमच्यासारख्या सामान्य माणसानें या उरलेल्या रसाचें काय करावें, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

त्याचें एक उत्तर असें कीं, रसच मारून टाकावा; अन्नाला औषध समजावें आणि ग्रॅम मोजून गिळावें. आम्हीं तसें कांहीं महिने करून पाहिलें, आणि आमची प्रकृति सुधारत असतां मन खचत गेलें तें याच काळांत. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत एका खादाडाची गोष्ट सांगितली आहे; आपला गळा करकोच्याहून लांब व्हावा अशी त्याची प्रार्थना होती. या खादाडाला आम्ही वर्गांत नेहमीं हंसत आलों. परंतु त्याच ठिकाणीं थोडें पुढें ॲरिस्टॉटल म्हणतो कीं, ज्याला अन्नाचें सुखच वाटत नाहीं असा मनुष्य विरळा. त्याच्या अवस्थेला नांव देखील नाहीं, आणि ती मनुष्यस्वभावापासून फार दूर आहे. हें वाक्य आम्ही इतकीं वर्षें घाईनें वाचून पुढें जात होतों. संयमी पुरुष हा खादाड आणि हा अनामिक यांच्या मध्यें कोठें तरी बसतो. तो थोडें खातो, परंतु जें खातो तें आनंदानें खातो. तेव्हां संयम म्हणजे रसाचा वध नव्हे. सुरी आम्हांला एका टोकावरून उचलून दुसऱ्या टोकाशीं ठेवूं शकली. मध्यावर येण्याची वाट आमची आम्हांलाच चालावयाची होती. ज्या शस्त्रक्रियेला लोक संयमाचा शेवट समजतात ती त्याची सुरुवात आहे.

आतां कृतघ्नतेचा आरोप. मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं छत्तीस निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनें सुमारें सहा महिने अर्धपोटीं ठेवून त्यांचें निरीक्षण केलें. त्यांचें सुमारें एक-चतुर्थांश वजन उतरलें. पण त्याहून लक्षांत घेण्यासारखें म्हणजे हे उत्साही तरुण खिन्न, चिडखोर आणि एकलकोंडे झाले. त्यांची भूक जागी होती व आमची निजलेली, हा भेद खरा. तथापि शरीराचें पोषण एकाएकीं घटलें असतां मन त्याचें दुःख करतें, एवढें त्यावरून दिसतेंच. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर थायमिन, बी-१२, लोह इत्यादि द्रव्यांची उणीव पडूं शकते, आणि त्या उणिवेचा परिणाम मनावरहि होतो. युटा येथील रोग्यांविषयीं २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, जठराची वाट बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत एकंदर मृत्यूंचें प्रमाण, ती न झालेल्या तशाच स्थूल लोकांच्या मानानें, चाळीस टक्क्यांनीं कमी होतें. परंतु अपघात, आत्महत्या इत्यादि, म्हणजे रोगावांचून आलेल्या मृत्यूंचें प्रमाण अठ्ठावन्न टक्क्यांनीं अधिक होतें. हे दोन आंकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिल्यावरून शस्त्रक्रियेची उपयुक्तता दिसते, आणि ती आम्ही नाकारीत नाहीं. दुसऱ्यावरून असें दिसतें कीं, देह वांचला एवढ्यावरून मन वांचलें असें समजून स्वस्थ बसूं नये.

परंतु रक्ताची तपासणी केली, गोळ्या घेतल्या, तरी एक अंश शिल्लक राहतोच. आणि त्याला आमच्या मतें शोक हेंच नांव योग्य आहे. अन्न हा आमचा जुना सोबती होता. तो वाईट सोबती होता हें कबूल. पण बाप वारला त्या रात्रीं, बढती हुकली त्या दिवशीं, मुलगी परदेशीं गेली त्या पहांटे, तोच आमच्याजवळ बसला होता. असा सोबती गेल्यावर त्याचें सुतक पाळूं नये काय? शोक हा कृतज्ञतेचा विरोधी नाहीं. मनुष्याला मिळालेल्या आरोग्याबद्दल आनंद आणि गेलेल्या आश्रयाबद्दल दुःख हीं एकाच वेळीं होऊं शकतात. आम्हीं ही गोष्ट डॉक्टरांपाशीं बोलून दाखविण्यास पांच महिने लावले, कारण ती बोलण्याची लाज वाटत होती. ती लाजच खरी अनीतीची होती, असें आतां वाटतें, आणि जे ऐकणारे केवळ “किती उतरलें?” एवढेंच विचारीत होते त्यांच्याकडेहि तिचा थोडा वांटा जातो. त्यांनीं “जेवण गोड लागतें का?” एवढें विचारलें असतें तरी पुरें होतें.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत काव्यांतील रस समजावून देण्यासाठीं जेवणाचाच दाखला घेतला आहे. नाना व्यंजनांनीं संस्कार केलेल्या अन्नाचा आस्वाद घेणाराला तेथें एक विशेषण लाविलें आहे, तें ‘सुमनस्’ हें. भरतमुनि अन्नाच्या राशीविषयीं बोलत नाहींत, खाणाराच्या मनाविषयीं बोलतात. प्रसन्न मनावांचून पक्वान्नाचा रस नाहीं, आणि प्रसन्न मन असेल तर पळीभर वरणांतहि तो आहे, असा आम्हीं त्याचा अर्थ घेतला. तेव्हांपासून वही बाजूला ठेवून जेवूं लागलों. म्हणजे टिपणें जेवणानंतर. एकट्यानें जेवणें सोडलें. पत्नीच्या पानाशेजारीं आमचें लहान पान मांडलें जातें, आणि बोलणें अधिक व घांस कमी असा तो प्रकार असतो. मळभ एकदम गेलें नाहीं. परंतु त्यांतून अधूनमधून ऊन पडूं लागलें.

असो. यंदाच्या अक्षय्य तृतीयेला ताई आल्या त्या नेहमींची वाटी न आणतां. त्यांनीं पिशवींतून देवाच्या नैवेद्याची चांदीची इवलीशी वाटी काढली, तींत दोन चमचे रस घातला, आणि म्हणाल्या, “देव एवढाच खातो, त्यानें कमी खाल्लें म्हणून मी कधीं रागावलें आहें का?” जेवण झाल्यावर सावकाश, जिभेच्या टोकावर घोळवीत, आम्हीं तो रस संपविला. पोट भरलें असें म्हणवत नाहीं. तें आतां पूर्वींसारखें भरावयाचेंहि नाहीं. पण ताईंनीं वाटी उचलली तेव्हां ती रिकामी होती, आणि ती त्यांनीं आमच्याकडे पाठ न करतां उचलली.