धूळ कुणाची

आमचं सुतारमेट घराच्या पडवीतच होतं. म्हणजे घर वेगळं आणि मेट वेगळं असं काही नव्हतंच. उंबऱ्याच्या अलीकडं आप्पांची करवत, पलीकडं आईची चूल. आप्पा बाभळीच्या बुंध्यावर वाकस चालवायला लागले की ढलप्या उडून माजघरात यायच्या. आई भाकरी थापता थापता एखादी उचलायची आणि तशीच चुलीत सारायची. तिला उठायलाही लागायचं नाही.

कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. तेव्हा नांगर, कुळव, पाभर, गाडीचं जू, सगळं बाभळीचं. शेतकरी लाकूड आपलं घेऊन यायचा, घडणावळ सुगीला बलुत्यात मिळायची. पण खाली पडलेली ढलपी सुताराची, हा आमच्याकडं न लिहिलेला कायदा होता. एखादा चिवट गडी जाताना ढलप्याही धोतराच्या सोग्यात बांधायला लागला, तर आप्पा काही बोलायचे नाहीत. पण पुढच्या वेळी त्याचं काम आठ दिवस लांबायचं.

भुशाची तऱ्हा निराळी. तो पोत्यात भरून ठेवलेला असायचा. खालच्या आळीची एक म्हातारी दर आठ दिवसांनी पाटी घेऊन यायची. तिच्याकडं भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद वर ओढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. नीट ठासली असेल तर शेगडी दोन-तीन तास चालते. तिचं एकटीचं जेवण त्यात व्हायचं, वर अंघोळीचं पाणीही तापायचं. उरलेला भुसा गोठ्यात गुरांखाली जायचा, पावसाळ्यात वाटेवरच्या चिखलावर पडायचा.

शहरातल्या लोकांना हे सांगितलं की फार आवडतं. जुन्या गावगाड्यात काही वाया जात नव्हतं, असं ते लगेच म्हणतात. मीही बरीच वर्षं म्हणत होतो. अजूनही ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ह्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. ढलपीला मालक होता, भुशाला गिऱ्हाईक होतं. पडवीच्या हवेत जे तरंगत राहायचं, त्याला कुणीच नव्हतं. ते जो श्वास घेईल त्याचं.

पडवीच्या छपराला एक काचेचं कौल होतं. दहा-अकराच्या सुमाराला त्यातून कवडसा खाली उतरायचा आणि त्यात सोन्याची पूड नाचल्यासारखी दिसायची. लहानपणी मी ती मुठीत धरायला बघायचो. पुढं कधीतरी वाचलं, की आपल्याकडच्या वैशेषिकांनी ह्याच कवडशातल्या कणाला त्रसरेणू म्हटलंय आणि त्याहून बारीक कणांचा विचार तिथून पुढं केलाय. डोळ्यांना दिसतो तो कण शेवटचा नव्हे, त्याच्या आतही आणखी आहे, हे त्यांनी नुसत्या विचारानं ओळखलं होतं. आम्ही मात्र रोज त्या कवडशात बसून भाकरी खात होतो आणि जे दिसत नाही ते नाहीच, असं धरून चाललो होतो.

मी साताऱ्याला आयटीआय केलं, पुण्यात सात वर्षं फर्निचरच्या कामावर काढली आणि २००९ साली परत आलो. आप्पांचे हात कापायला लागले होते. नांगर लोखंडाचे झाले होते, बैलगाड्या मोजक्या उरल्या होत्या. लोकांना पाहिजे होती कपाटं, दिवाणं, स्वयंपाकघरातली फळ्यांची कामं. मी त्याच पडवीत कटर मशीन बसवलं, रंधा मशीन आणलं, वर्षभरानं सँडर घेतला. लाकूडही बदललं. थोडं सागवान, बाकी प्लाय आणि एमडीएफ.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ज्यानं हातानं काम केलं नाही त्याला ती सहज कळत नाही. हाताच्या रंध्यातून निघते ती साल. कांद्याच्या पापुद्र्यासारखी गुंडाळी होऊन ती पायाशी पडते आणि पडूनच राहते. सँडरमधून निघतं ते पीठ. त्यातलं जाड पीठ खाली बसतं, बारीक तासन्‌तास हवेत राहतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. छातीपर्यंत पोचणारा कण दहा मायक्रॉनच्या आतला असतो, आणि अगदी तळाशी जाऊन बसणारा त्याहूनही लहान. म्हणजे आप्पांच्या वेळचं मेट दिसायला जास्त घाण होतं आणि माझं दिसायला स्वच्छ. धोका उलटा होता.

हे मला तेव्हा माहीत होतं का? थोडंफार होतं. सागाच्या भुशानं अंगाला खाज सुटते आणि शिसवीच्या भुशानं नाक चोंदतं, हे कुठलाही सुतार सांगेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलंय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. इंग्लंडात हाय वायकोम नावाचं खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. तिथल्या कारागिरांमध्ये नाकाच्या आतला एक दुर्मीळ कर्करोग फार जास्त आढळतो, हे तिकडच्या डॉक्टरांच्या १९६०च्या दशकातच ध्यानात आलं होतं. शेकडो वर्षं लोक खुर्च्या करत होते. मोजायला कुणी बसलं तेव्हा दिसलं.

तर पडवीत श्वास कोंडायला लागला म्हणून मी पूर्वेच्या भिंतीला भोक पाडून मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला. आठ दिवसांत फरक पडला. मशीनवरची धूळ कमी झाली, आतला वास गेला. मी खूश. पूर्वेला शेजारच्या काकींचं अंगण आहे. उन्हाळ्याचे दिवस होते, त्यांनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बघितलं तर बाज अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, लिंबाच्या अर्धवट सावलीत नेलेली. तिसऱ्या दिवशी वरून जुनं धोतर टाकलेलं. काकी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. समोर दिसल्या तेव्हा नेहमीसारखं म्हणाल्या, "चहा घेतलास का रं?"

त्या बाजेनं मला जेवढं छळलं तेवढं भांडणानं छळलं नसतं. भांडल्या असत्या तर मीही आवाज चढवला असता, धंदा आहे म्हटलं असतं, तुमची म्हस आमच्या भिंतीला अंग घासती ते चालतं का, असंही म्हटलं असतं. पण त्या गप्प राहिल्या, आणि का गप्प राहिल्या ते मला माहीत होतं. त्यांच्या लेकीच्या लग्नाचं कपाट आप्पांनी पैशांसाठी न अडता करून दिलं होतं. त्या उपकाराखाली त्या बाज ओढत होत्या. मी मात्र मनात धरलं होतं, की त्यांची काही तक्रार नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की मी धूळ घालवलेली नाही, तिचा पत्ता बदललाय. माझ्या छातीतली काढून काकींच्या कुरडयांवर ठेवलीय. पंखा मी दोन दिवसांनी बंद केला. काकींना कारण सांगितलं नाही. ते सांगायला पाहिजे होतं असं आता वाटतं.

पंखा बंद झाला आणि धूळ परत घरात आली. आईचा खोकला त्याच पावसाळ्यात वाढला. खोकला तिला आधीपासून होता. पण आता रात्री उठून बसायला लागायची. साताऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला. डॉक्टरांनी विचारलं, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? ती म्हणाली, "लगीन होऊन आले तवापास्नं." मी मधेच म्हणालो, घरात सुतारकामही आहे. त्यांनी मान हलवली. दोन्हीचा भाग असणार म्हणाले. कुणाचा किती ते वेगळं काढून दाखवता येत नाही.

बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. ती भावना मी लपवून ठेवणार नाही. चूल मी पेटवलेली नव्हती. चूल तर घरोघर होती, आजीच्या वेळेपासून होती. दोष सगळ्या जगाचा होता, त्यात माझा वाटा किती ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. एसटीत बसेपर्यंत हे सुख टिकलं. मग आईला खोकल्याची उबळ आली, पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला आणि माझ्या डोक्यात आलं: वाटा मोजता येत नाही याचा अर्थ वाटा नाही असा होतो का? दोघांनी मिळून विहिरीत घाण टाकली आणि कुणाची किती ते कळत नसलं, तर दोघंही सुटले म्हणायचं का? उलट चुलीचा धूर आधीच पोटात घेतलेल्या बाईच्या पुढं मी सँडर चालवत होतो. भरलेल्या गाडीवर शेवटचं पोतं टाकणाऱ्यानं बाकीच्या पोत्यांकडं बोट दाखवून कसं चालेल?

मी तिला म्हणालो, आई, हे माझ्या भुशानं झालं असंल. ती चिडलीच. "आरं, ह्या भुशावरच तर वाढलास. भुशानं पोट भरलं आन् आता त्यालाच नावं ठिवतोस व्हय?"

ह्या बोलण्यात दम आहे. ज्या कामाचं आपण खातो त्याची धूळही आपली, असा तो न्याय आहे, आणि आप्पांनी तो जन्मभर पाळला. माझ्यापुरता मीही पाळीन. पण आईनं तो कधी निवडला? तिला कुणी विचारलं होतं, की बाई, पडवीत मेट ठेवू की गावाबाहेर शेड घालू? विचारलं असतं तर ती हेच म्हणाली असती, मला खात्री आहे. तरी विचारलं नव्हतं. आणि काकी तर ह्या कामाचं खातही नव्हत्या.

हाताखालच्या पोराचं तर आणखीनच अवघड. संध्याकाळी झाडायचं काम त्याचं. कोरडं झाडणं म्हणजे दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा उठवून नाकासमोर धरणं. मी मशीनवर असताना चांगला मास्क लावायचो, पोरगं गमजा बांधायचं. गमज्यातून बारीक धूळ आरपार जाते. त्याला दुसरा मास्क आणून द्यायला मला दोन वर्षं लागली. पैसे नव्हते असं नाही, सुचलंच नव्हतं.

झाडण्यावरचा उपाय आईनं सांगितला. खाटेवरून बघत होती. म्हणाली, "सडा न घालता झाडत्यात का कुटं? कुणी शिकवलं तुमास्नी?" मशीनजवळ पाणी नको, लोखंड गंजतं. म्हणून आम्ही घमेल्यात थोडा भुसाच ओला करून जमिनीवर पसरायला लागलो आणि त्याच्यासकट झाडायला लागलो. ओला भुसा बारीक पीठ धरून ठेवतो. पुढं गावाच्या कडेला पत्र्याची शेड घातली, मेट घरातून हलवलं. कटरला खालून पाइप जोडला, एक निळं पिंप आणि ब्लोअर आणला. पाइप पिंपात कडेनं तिरका घुसवायचा, म्हणजे हवा आत भोवऱ्यासारखी फिरते, जड भुसा कडेला आपटून तळाशी पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. वरच्या हवेत बारीक धूळ उरतेच. ती कापडी पिशवीत अडते, सगळी नाही. पिशवीचं तोंड माझ्याच परड्याकडं केलंय. तिकडं कुणाचं अंगण नाही. सध्या तरी नाही.

खालच्या आळीची म्हातारी शेडपर्यंतही पाटी घेऊन यायची. आप्पांच्या हातचा भुसा आणि माझ्या हातचा भुसा यात तिनं फरक केला नाही, मीही केला नाही; पोतं समोर ठेवायचो. एक दिवस म्हणाली, "ह्या भुशाला वास का रं मारतूय? डोळं चुरचुरत्यात." मी गार पडलो. एमडीएफचा भुसा. त्या फळीत लाकूड आहे तसा डिंकही आहे, फॉर्माल्डिहाइडचा. तो बंद खोलीत शेगडीत जळत होता, आणि ती माझ्या बापाच्या नावावर विश्वासून नेत होती. किती महिने, ते मी मोजलं नाही.

आता शेडमध्ये दोन पिंपं आहेत. सागवान, बाभूळ, कडुलिंब चालवायचं असेल तेव्हा एक, फळ्यांचं काम असेल तेव्हा दुसरं. म्हातारी गेली. तिची सून गॅसवर करते, पण थंडीत पाणी तापवायला पहिल्या पिंपातलं नेते. दुसऱ्या पिंपातलं कुणाला देता येत नाही. जाळता येत नाही, उकिरड्यात टाकता येत नाही, गुरांखाली घालवत नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर ओढ्याकडं टाक म्हणाले. ओढ्याच्या खाली पिण्याच्या पाण्याची विहीर आहे.

शेडच्या मागं ताडपत्रीखाली अशी अकरा पोती झालीत. बाराव्याचं तोंड परवा शिवलं.