तृण, अरणी, मणी आणि हृदयाचा दाह

अग्नी गवतापासून पेटतो, अरणी घासून पेटतो आणि सूर्यकांत मण्यातूनही पेटतो. मग अग्नीचे कारण नेमके कोणते, हा न्यायशास्त्रातला जुना वाद आहे. कार्याच्या आधी जे नियमाने असते आणि ज्याला वगळता येत नाही ते कारण, असे नैयायिक मानतात. पण गवतावाचूनही अग्नी पेटतो हे दिसले की तो नियम अडचणीत येतो. मीमांसकांनी तिन्हींच्या ठायी एकच अदृश्य शक्ती मानून ही अडचण सोडवली, तर नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ती शक्ती नाकारली आणि हे तिन्ही अग्नी मुळातच भिन्न जातींचे ठरवले.

मायोकार्डायटिसच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या दाहाच्या, कारणांचा प्रयोगशाळेत शोध घेताना हाच पेच पुन्हा उभा राहिला. कॉक्सॅकी बी३ या विषाणूची लागण झालेल्या उंदराच्या हृदयात पांढऱ्या पेशी जमतात व स्नायुतंतू मरतात. परंतु दोनेक आठवड्यांत विषाणू सापडेनासा झाल्यावर काही वंशांच्या उंदरांत दाह ओसरतो, तर काहींत तो चालूच राहतो. १९८७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नोएल रोझ यांच्या गटाने विषाणूलाच वगळले. स्नायूचे आकुंचन घडवणारे हृदयातील मायोसिन हे प्रथिन मृत क्षयजंतू मिसळलेल्या तेलातून टोचले असता, दाहप्रवण वंशाच्या उंदरांत तसाच दाह उत्पन्न झाला; म्हणजे गवतावाचूनही अग्नी पेटला.

शक्तिवाद्यांना बळ देणारा पुरावा २०११ साली पुढे आला. छातीतील थायमस ग्रंथीत स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या टी-पेशी, म्हणजे संरक्षक पेशींचा एक प्रकार, वेचून नष्ट केल्या जातात. पण उंदरांच्या या ग्रंथीत हृदयातील अल्फा-मायोसिन तयारच होत नसल्याने त्याच्यावर उलटणाऱ्या पेशी निसटतात. विषाणू असो वा टोचलेले मायोसिन, दोन्हींमागची समान शक्ती हीच असू शकते. तथापि एवढ्यावरून शक्तीचा शोध लागला असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण ज्या वंशांत दाह टिकत नाही त्यांचा बचाव या उणिवेने समजावता येत नाही. कुंभार ज्याने चाक फिरवतो तसला दंड अरण्यात पडलेला असला तरी त्यात घट घडवण्याची स्वरूपयोग्यता, म्हणजे अंगची पात्रता, असते, पण तेवढ्याने घट होत नाही. या पेशींचीही गत तीच दिसते.

याहून अवघड प्रकरण १९९५ सालचे आहे. हृदयाला इजा न करणारा कॉक्सॅकी विषाणू सेलेनियम या खनिजाची कमतरता असलेल्या उंदरांत वाढला, तेव्हा त्याची जनुकरचनाच बदलून तो घातक झाला आणि पुढे सुपोषित उंदरांच्या हृदयालाही त्याने इजा केली. या दुसऱ्या उंदराच्या खाद्यात काहीच उणे नव्हते. उणीव होती ती आधीच्या उंदराच्या पोटात. घटाच्या बाबतीत कुंभाराचा बाप नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणून, म्हणजे कारणाचे कारण असूनही या कार्याला अनावश्यक म्हणून, बाजूला ठेवतात आणि त्याच न्यायाने पहिल्या उंदराची ती उणीवही गाळावी लागेल. परंतु रोग रोखू पाहणाऱ्या वैद्याला नेमका तो बापच आधी गाठावा लागतो.