गाणं कुणी म्हणायचं?

“ही मध्येच काय गायला लागली?” नवऱ्याने माझ्या कानाशी वाकून विचारलं. २०२३ चा मे महिना. वांद्रे-कुर्ला संकुलात नुकतंच सुरू झालेलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर, दोन हजार खुर्च्यांचं नाट्यगृह, आणि रंगमंचावर ‘द साउंड ऑफ म्युझिक’. माणगावहून सकाळीच निघून, कोलाड-नागोठणे-वडखळ करत आम्ही तिथे पोचलो होतो. तिकिटांसाठी मी चार महिने पैसे बाजूला टाकले होते. पडदा उघडून दहा मिनिटंही झाली नसतील, मारिया डोंगरावर एकटी गात होती आणि शेजारून हा प्रश्न आला.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते हे गाव. माझे आजोबा नाट्यपदं गुणगुणतच दाढी करायचे. नवरा माणगाव तालुक्यातल्या एका वाडीतला. लग्न होऊन वीस वर्षं झाली आणि या वीस वर्षांत संगीत नाटकाचं नाव काढलं की याला दुकानात काम निघायचं. मी त्याला अरसिक म्हणत आले, चारचौघांतसुद्धा. ते मला आता फार लागतं, कारण हा माणूस गणपतीत रात्र रात्र जाखडीला मृदंग वाजवतो.

परतीच्या वाटेवर वडखळला चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, “पोरांना सूर शिकवते ते गाणं बरोबर आहे. शेवटी सगळं कुटुंब स्पर्धेत गातं तेही बरोबर. पण डोंगरावर कोणी नसताना ती कोणासाठी गाते?” मी चिडून गप्प बसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याने किती नेमकी रेघ ओढली होती! पात्राला आपण गातोय हे जिथे ठाऊक असतं ती गाणी त्याला चालत होती. बोलण्याच्या जागी येणारं गाणं चालत नव्हतं. ‘कट्यार काळजात घुसली’ त्याने सिनेमात पाहिलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडलं होतं. साहजिकच आहे. दारव्हेकरांच्या त्या नाटकात गाणं हाच माणसांचा पेशा आहे, भांडण आहे, इज्जत आहे. तिथे ‘का गातात’ हा प्रश्न उरतच नाही.

मला वाटायचं, ही टीव्हीच्या मालिकांनी लावलेली सवय. सगळं खऱ्यासारखं दिसायला हवं, म्हणून गाणं खटकतं. त्या वर्षी गणपतीत वाडीवर जाखडीची बारी होती. एरवी मी तासाभरात उठून जाते. त्या रात्री बसून राहिले. मधोमध गाणारे बुवा, त्यांच्याजवळ मृदंग, झांजा, झील धरणारे. भोवती पायात चाळ बांधलेल्या पोरांचं रिंगण. समोर दुसऱ्या पक्षाची मंडळी, शक्तीवाल्यांना तुरेवाले. बुवा कृष्ण-गवळणींची कथा गात होते आणि पोरं नाचत होती. गाणारा नाचत नव्हता, नाचणारा गात नव्हता. पहाटे मी त्याला हे बोलून दाखवलं, तर तो सहज म्हणाला, “मग? कृष्ण स्वतः कशाला गाईल? त्याचं गाणं सांगायला बुवा आहेत की.”

मी तिथेच थांबले. भाव्यांच्या नाटकात हेच होतं! पदं सूत्रधार गायचा, पात्रं आपापलं भाषण आयत्या वेळी बोलायची. गाणं सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांच्या तोंडी घातलं ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी, पुण्यात, ३१ ऑक्टोबर १८८० ला ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं तेव्हा. दुष्यंत स्वतः गायला लागला. ज्याला मी नवऱ्याचा अडाणीपणा समजत होते, ती सदतीस वर्षं आधीची, आणि कोकणात आजही जिवंत असलेली रीत होती. तो हिंदी सिनेमातली गाणी विनातक्रार ऐकतो, त्याचाही उलगडा झाला. तिथेही गाणारा गळा एकाचा आणि पडद्यावरचा चेहरा दुसऱ्याचा.

नाटकात मात्र गळा आणि देह एकच असतो. आत्ता रागावून बोलणारी बाई त्याच श्वासात सूर लावते, आणि तो श्वास आपल्याला दिसतो. मला संगीत नाटकाचं वेड आहे ते यासाठी आणि ज्याला ते अवघड जातं त्यालाही नेमकं हेच अवघड जातं. आपल्या आवडत्या गोष्टीकडे दुसऱ्याला नेताना आपण तिच्यातलं सगळ्यात भव्य ते आधी समोर ठेवतो. मीही तेच केलं. माणूस येतो तो त्याच्या ओळखीच्या वाटेने. ती वाट विचारून घ्यायला मला वीस वर्षं लागली.

पनवेलच्या फडके नाट्यगृहात आम्ही ‘संगीत देवबाभळी’ पाहिलं. प्राजक्त देशमुखांच्या या नाटकात दोनच पात्रं: पायात काटा रुतलेली तुकोबांची आवली आणि तिच्या सेवेला लखूबाई होऊन आलेली रखुमाई. दोघी तिथल्या तिथे गातात. नवऱ्याने काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, “माझी आजी जात्यावर अशीच भांडायची देवाशी.”

मग रत्नागिरी. कोकण रेल्वेने गेलो, सावरकर नाट्यगृहात एका हौशी संस्थेचं ‘सौभद्र’ होतं. मुद्दाम कडेच्या खुर्च्या घेतल्या, तबला-ऑर्गन दिसतील अशा. आदल्या रात्री त्याला सांगितलं होतं की बालगंधर्वांच्या कंपनीत साथीला अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी होता. पहिला अंकभर त्याने नटांकडे पाहिलंच नाही. तबलजीकडे पाहत होता. तबलजीची मान सुभद्रेच्या तोंडाकडे वळलेली, नजर तिच्या ओठांवर. ती तान घेऊन परत मुखड्यावर यायच्या आधी त्याचा उजवा हात किंचित वर उचललेला. नवऱ्याची बोटं मांडीवर चालू झाली. दुसऱ्या अंकात एकदा तबलजीबरोबर त्याचीही मान वळली आणि सुभद्रेवरच थांबली.

गाडी रात्री खेडच्या पुढे आली तेव्हा तो म्हणाला, “ती सम सोडते तेव्हा हातातला पदर पण सोडते, बघितलंस?” मी पाहिलं नव्हतं. इतक्या वेळा सौभद्र पाहूनही नव्हतं.

मारियाचं डोंगरावरचं गाणं मात्र त्याला अजून पटलेलं नाही. तिच्या शेजारी एखादा बुवा बसवायला हवा होता, असं तो अगदी मनापासून सांगतो, आणि तो बुवा मृदंगाच्या कोणत्या बाजूला बसेल यावर आमचं परवा जेवताना बराच वेळ बोलणं झालं.