सबुरी आणि काळी मोहरी

परभणी जिल्ह्यातील सेलूचे गोपाळराव देशमुख हे साईबाबांचे गुरू होत, असे दासगणू महाराजांनी लिहून ठेवले आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या साईसच्चरितात बाबा आपल्या गुरूविषयी सांगतात की, त्यांनी दक्षिणा म्हणून दोनच पैसे मागितले, एक निष्ठेचा आणि दुसरा सबुरीचा. यातील सबुरीचा, म्हणजे धीर धरण्याचा, अर्थ निमूटपणे सोसत राहणे एवढाच असेल, तर माणसाच्या कर्तृत्वाला जागा कोठे उरते, हा प्रश्न मात्र सुटत नाही.

बुद्धिबळात काळी मोहरी घेणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो, कारण पहिली चाल पांढऱ्याची असते आणि डावाला कोणते वळण लागावे हे बरेचसे तोच ठरवतो. ५ एप्रिल २०२४ रोजी टोरांटो येथे, जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडणाऱ्या कॅंडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत, नाशिकचा विदित गुजराथी काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुरासमोर बसला, तेव्हा नाकामुरा सलग ४७ डाव अपराजित होता. विदितने बर्लिन बचाव स्वीकारला. पांढऱ्याचा उंट आपल्या घोड्यावर रोखला गेला असताना दुसरा घोडा पुढे काढून राजाजवळच्या प्याद्यावर उलट दाब आणण्याची ही जुनी, अभिजात रीत होय. पुढे अकराव्या चालीला त्याने आपल्या उंटाने पांढऱ्या राजापुढचे, एच ३ घरावरचे प्यादे मारले, बदल्यात उंट जाणार हे उघड असतानाही, आणि डाव जिंकला.

वेदान्ताच्या परिभाषेत, ज्या पूर्वकर्माचे फळ भोगायला सुरुवात झाली आहे ते प्रारब्ध, आणि आता हातून घडत आहे ते क्रियमाण. समोरून आलेली चाल प्रारब्धासारखी असते, ती परत घेता येत नाही. उत्तर मात्र क्रियमाण असते, आणि योगवासिष्ठ या ग्रंथाने पौरुषाचा, म्हणजे स्वतःच्या प्रयत्नाचा, जो आग्रह धरला तो याच उत्तरासाठी. बचावाला दुबळेपणा समजण्याची सवय म्हणूनच चुकीची ठरते. पहिल्या दहा चालींत विदित थांबला नव्हता, त्या प्रत्येक चालीने तो अकरावीची जागा तयार करत होता, आणि सबुरी हीदेखील अशीच कृती मानली पाहिजे. पटावर सर्व मोहरी डोळ्यांसमोर असतात, संसारात तसे नसते, आणि बहुधा म्हणूनच त्या गुरूने सबुरीचा पैसा एकटा न मागता निष्ठेच्या पैशासोबत मागितला.